साखऱ्याचा नारळ आणि पहिली निवड

माझ्या हिंगोली जिल्ह्याच्या प्रवासाच्या सध्या कोल्हापुरात तीन हकिगती फिरत आहेत, आणि त्यांतली एकही मी सांगितलेली नाही. पहिली अशी की, मिरचीचा घास सोसवला नाही म्हणून मी यजमानांच्या ताटावरून उठलो. दुसरी अशी की, उन्हाने चक्कर येऊन मी एका शेतात आडवा झालो. तिसरी सर्वांत रंगवून सांगितली जाते: म्हाताऱ्याला एक नारळ मिळाला, तो त्याने घेतला आणि आपल्याच शिष्याचा संघ अडचणीत आणला. तिन्हींचे जनक माझे बालमित्र दिनकरराव. ते एके काळी बरे गोलरक्षक होते. मात्र पुण्याच्या पलीकडे त्यांनी आजतागायत पाऊल टाकलेले नाही. मी तिथे गेलो होतो, ते गेले नव्हते, एवढा फरक ध्यानात ठेवून वाचकांनी पुढचे वाचावे.

जाण्याचे कारण रमेश खंदारे. मी पस्तीस वर्षे क्रीडाशिक्षक होतो. त्या काळात रमेश शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी वसमतहून कोल्हापुरात आला, दोन वर्षे माझ्या हाताखाली फुटबॉल शिकला आणि परत जाऊन वसमतच्या एका शाळेत शिक्षक झाला. तिथे तो मुलींचा संघ चालवतो. फेब्रुवारीच्या अखेरीस त्याचा फोन आला. त्याने खुशालीही विचारली नाही. "सर, चार दिवस या. एक पोरगी निवडायची हाय आणि माझ्या एकट्याच्यानं ते होत न्हाई," एवढेच तो म्हणाला.

## वसमत

प्रवासाची रात्र वगळतो. रेल्वेच्या डब्यात जे घडते ते सर्वांना ठाऊक असते. सकाळी वसमतला उतरलो तेव्हा मोंढ्यात, म्हणजे तिकडच्या धान्यबाजारात, नव्या हळदीची आवक सुरू झाली होती. पोती वाहणाऱ्या हमालांच्या भुवयासुद्धा पिवळ्या होत्या. आमच्याकडे गुळाच्या हंगामात सगळ्या शहराला गोड वास येतो. इथल्या वासाने नाकात किंचित झोंबते आणि मग त्याची सवय होते.

रमेशने मला घरी न नेता आधी मैदानावर नेले. ते शाळेचे नव्हते. शाळा चालवणाऱ्या संस्थेची ती मोकळी जागा होती. एका कडेला बाभळी, दोन्ही टोकांना लोखंडी नळांचे गोलखांब, आणि सोळा मुलींनी स्वतः वेचून कुंपणाशी रचलेली दगडांची रास. संस्थेच्या अध्यक्षांनी रमेशला स्पष्ट सांगितले होते की, जिल्ह्याच्या साखळी स्पर्धेत संघ यंदाही शेवटच्या क्रमांकावर राहिला तर ही जागा लग्नसमारंभांच्या लॉनसाठी दिली जाईल. गावात दुसरे मैदान नाही. मैदान गेले की सोळा मुलींचा खेळ संपला, हे सांगताना रमेश माझ्याकडे पाहत नव्हता, त्या दगडांच्या राशीकडे पाहत होता.

या स्पर्धेची रीत मला नवी होती. कोल्हापुरात खेळाडू पेठेचा असतो. ज्या तालमीच्या सावलीत तो वाढतो तिचाच रंग अंगावर घालतो, आणि दुसऱ्या पेठेत गेला तर त्याच्या घरी चार दिवस कोणी नीट बोलत नाही. तिकडे पाच तालुक्यांचे पाच संघ आहेत, पण नव्या मुलींची चाचणी साऱ्या जिल्ह्याची मिळून एकच होते. नंतर संघांनी पाळीपाळीने एकेक नाव उचलायचे. त्याला ते ड्राफ्ट म्हणतात. गेल्या वर्षी जो संघ तळाला, त्याची पाळी पहिली. वसमत तळाला होते, म्हणून जिल्ह्यातली सर्वांत चांगली मुलगी घेण्याचा पहिला हक्क रमेशचा होता. दुबळ्याला आधी वाढणारी ही पद्धत मला न्याय्य वाटली. तिच्यातली धास्ती नंतर कळली: पहिली निवड चुकली तर दोष द्यायला दुसरा कोणी उरत नाही.

दुपारी रमेशच्या पत्नी सुनंदा यांनी ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजून दळलेल्या मसाल्याच्या पिठाची, आमटी, कच्च्या मेथीचा घोळाणा आणि खलबत्त्यात कुटलेला ठेचा वाढला. ठेचा तिखट होता. कोल्हापूरच्या माणसाला यापेक्षा अधिक काही म्हणण्याची गरज नाही. मी मध्येच उठलो हे खरे आहे. खिडकीतून मैदान दिसत होते. शिट्टी नाही, शिक्षक नाही, ऊन डोक्यावर, आणि तरी त्या मुली येऊन ओळीने धावू लागल्या होत्या. असे दृश्य दिसल्यावर जो क्रीडाशिक्षक बसून जेवत राहतो, त्याने निवृत्तिवेतन परत करावे. मी परत येऊन जेवण पूर्ण केले आणि ठेचा दुसऱ्यांदा मागून घेतला. सुनंदा यांना विचारावे.

संध्याकाळी आमचा वाद झाला. माझे मत साऱ्या कोल्हापूरला पाठ आहे: संघ निवडीने उभा राहत नाही, घडवणुकीने उभा राहतो. उत्तम मुलगी उचलून आणली आणि तिला वर्षभर शिकवले नाही, तर पुढच्या वर्षी ती मध्यम होते. मध्यम मुलीला रोज पहाटे मैदानावर उभे केले, तर ती दोन वर्षांत उत्तम होते. रमेशने हे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाला, "सर, हे तुमीच शिकवलं, मला पटतं. पण घडवायला वर्ष लागतं. माझ्याजवळ दोन महिने हायेत. मला तयार पोरगी पाहिजे."

मी पिशवीतून वही काढली आणि कोऱ्या पानावर चाचणीची तारीख घातली.

## हिंगोली

चाचणी जिल्ह्याच्या ठिकाणी होती. मांडवात पाच संघांच्या शिक्षकांसाठी खुर्च्या मांडलेल्या. गतवर्षी तळापासून दुसरा असलेला हिंगोलीचा संघ ज्यांचा, ते शेख सर माझ्या शेजारी बसले. माणूस मोठा मिस्कील. मला त्यांनी पहिल्या मिनिटाला चाचा करून टाकले. "चाचा, कोल्हापूर में तो कुश्ती चलती. फुटबॉल भी लाल मिट्टी में खेलते क्या?" मी म्हणालो, आमच्याकडे सामन्याला जितकी माणसे भिंतींवर बसतात, तितकी तुमच्या मैदानात मावणार नाहीत. त्यांनी हसून मला आपल्यातला अर्धा चहा दिला.

एका गोष्टीची मला त्या दिवशी भीती वाटत होती, आणि ती मी रमेशलाही सांगितली नव्हती. वर्षभरापूर्वी माझ्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. अक्षर स्वच्छ दिसते, चेहरे दिसतात. पण धावत्या खेळाडूंच्या घोळक्यात एक पाय कुठे वळतो, हे मला पूर्वीसारखे दिसते का, याची परीक्षा त्यानंतर झालीच नव्हती. ती आज होती, आणि तिच्यावर दुसऱ्याचे मैदान पणाला लागले होते.

सात क्रमांकाची अंकिता पाहायला डोळे लागतच नव्हते. हिंगोलीतल्या एका बँक कर्मचाऱ्याची मुलगी, दोन उन्हाळे नागपूरला प्रशिक्षण घेतलेली. चेंडू पायाशी आला की समोरची मुलगी मागे राहिलीच म्हणून समजावे. पाच गोल झाले, त्यांतले तीन तिचे. मांडवातल्या सर्वांनी माना डोलावल्या आणि मग पहिली निवड ज्याची त्या रमेशकडे पाहिले.

तेवीस क्रमांकाची रेणुका. सेनगाव तालुक्यातल्या साखरा गावची, कोरडवाहू शेती असलेल्या घरातली. ती मंद होती. दोनदा चेंडू तिच्या शेजारून गेला आणि ती पोहोचली नाही. एकदा ती कमरेवर हात ठेवून उभीच राहिली, आणि मांडवात कोणीतरी म्हणाले की, ही पोरगी उभ्यानं झोपून राहिली. मात्र चेंडू येण्याआधी ती प्रत्येक वेळी मान वळवून मागे पाहत होती. कोण कुठे आहे हे आधी पाहून घ्यायचे, मग चेंडू घ्यायचा. ही सवय लावायला मला एकेका मुलामागे दोन-दोन वर्षे लागली आहेत. तिला ती कोणी लावलेली दिसत नव्हती.

वहीत मी क्रम लावला. अंकिता पहिली. रेणुका चौथी, आणि तिच्या नावापुढे शेरा: मागे पाहते, पळत नाही. हे मी जसे होते तसे लिहितो आहे, कारण पुढचे सारे यावरच उभे आहे.

## साखरा

चाचणी आणि निवड यांच्यामध्ये एक दिवस मोकळा ठेवतात. त्या दिवशी शिक्षकांनी मुलींच्या घरी जायचे असते. घरच्यांचा होकार नसेल तर निवडलेली मुलगी येत नाही आणि पाळी वाया जाते. पहिल्या वर्षी दोन संघांचे असे झाले होते, तेव्हापासून ही रीत पडली. मला ती फार आवडली. आमच्याकडे खेळाडूच्या आईबापांना संघ आधी भेटत नाही. ते पहिल्यांदा भेटतात ते पाय मोडल्यावर, इस्पितळात.

रमेशने आखणी केली होती: सकाळी सेनगावकडची तीन घरे, आणि सर्वांत शेवटी, परतताना, हिंगोलीत अंकिताचे घर. तिचे घर शेवटी का, हे मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. या एका न विचारलेल्या प्रश्नाची किंमत पुढे कळेल.

दोन घरी चहा घेऊन साखऱ्याला पोहोचलो, तेव्हा रेणुकाच्या घरचे लोक शेतात होते. हरभरा उपटून त्याची गंज घातलेली, आणि मळणी यंत्र त्याच सकाळी आले होते. तिकडची काळी जमीन या दिवसांत इतकी भेगाळते की एकेका भेगेत वीतभर काठी सहज जाते. त्यातल्याच एकीत माझा पाय गेला, कोल्हापुरी पायताणाचा अंगठा तुटला आणि मी गुडघ्यावर आलो. मला चक्कर आलेली नव्हती. ऊन होते, मी होतो आणि भेग होती. तिघांमध्ये दोष भेगेचा.

रेणुकाची आई कौसल्याबाई धावत आल्या. त्यांनी मला बांधावरच्या निंबाखाली बसवून पाणी दिले आणि पायताणाला सुतळी बांधून दिली. त्यांच्या बोलण्यातून कळले की, हरभऱ्याचे घाटे ऊन चढल्यावर हात लावताच गळतात, म्हणून तो पहाटेच्या ओलाव्यात उपटावा लागतो. रेणुका गेले आठ दिवस पहाटे अंधारात उठून हरभरा उपटत होती. चाचणीच्या दिवशीसुद्धा चार तास उपटूनच ती हिंगोलीच्या एसटीत बसली. हरभऱ्याच्या आंबेने, म्हणजे त्याच्या पानांवरच्या आंबट खाराने, तिच्या बोटांची साल निघाली होती. मला माझा शेरा आठवला. खेळाडू पळत नाही एवढे मी पाहिले. तो कुठून चालत आला हे विचारायचे मी विसरलो. पस्तीस वर्षे हेच मी इतरांना शिकवत आलो होतो.

मग मी मळणीकडे पाहत राहिलो. रमेश फोन आला म्हणून दूर रस्त्याकडे गेला होता. यंत्राच्या तोंडाशी एक माणूस, गंजीवर दोघे, आणि मध्ये रेणुका. गंजीवरचे दोघे दोन्हीकडून पेंढ्या टाकत. तोंडाशी असलेल्याला त्या एकेक करून द्यायच्या. तोंड रिकामे राहिले तर डिझेल फुकट जळते, दोन पेंढ्या एकदम गेल्या तर यंत्र गुदमरते. ती हाताकडे बघतच नव्हती. डावीकडची पेंढी हातात येईपर्यंत तिने उजवीकडचा पाहून घेतलेला असे. गंजीवरचा एक जण तंबाखू मळायला थांबला, तेव्हा तिने हातातली पेंढी देण्याआधी क्षणभर रोखली आणि यंत्राच्या आवाजात खंड पडला नाही. मी फुटबॉलच्या मैदानावर मधल्या फळीत अशा खेळाडूची वाट आयुष्यभर पाहिली आहे. कदाचित दोनदा असा खेळाडू मिळाला. अंकिता गोल करील, याबद्दल शंका नव्हती. पण ही मुलगी अकरा जणींना एकत्र खेळवील.

रेणुकाचे वडील मारोतराव घाम पुसत माझ्याजवळ येऊन बसले. माणूस बोलायला सावकाश. आजूबाजूचे पाच-सहा शेजारीही टेकले. मारोतराव म्हणाले, "गुरुजी, पोरगी खेळून राहिली ते आमाला चालतं. गावातले बोलतात, बोलू द्या. पण तुमी एवढ्या लांबून आले. कोल्हापूर म्हंजे केवढं लांब. ते काहून?"

"तुमच्या मुलीसाठी," मी म्हणालो.

हे खरे नव्हते. मी रमेशसाठी आलो होतो आणि तिचे नाव मला दोन दिवसांपूर्वी ठाऊकही नव्हते. पण त्या क्षणी समोर यंत्र चालले होते, मुलगी पेंढ्या देत होती, आणि शब्द तोंडातून आधी बाहेर पडला. मारोतरावांनी मान खाली घातली. मग ते उठून बैलगाडीपाशी गेले आणि टॉवेल व नारळ घेऊन आले. तो नारळ त्यांनी सकाळपासून सोबत आणून ठेवला होता, ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. मी उभा राहून दोन्ही हातांनी तो घेतला. कौसल्याबाईंनी पदर डोळ्यांना लावला. शेजाऱ्यांनी उठून टोप्या सारख्या केल्या. यंत्रापाशी रेणुकाने आयुष्यात प्रथमच एक पेंढी खाली पाडली असावी.

आमच्याकडे पाहुण्याला नारळ-फेटा देणे हा मान असतो. मी आजवर शे-दीडशे नारळ असे घेतले आहेत. घरी त्यांची चटणी झाली.

## परतीच्या वाटेवर

जीप चार किलोमीटर गेल्यावर रमेशचे लक्ष माझ्या मांडीकडे गेले.

"सर, हे काय?"

"नारळ. सत्कार केला त्यांनी. सज्जन माणसे आहेत."

त्याने जीप रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. "सर," तो म्हणाला, "तुमी नारळ काहून घेतला?"

मग त्याने सांगितले. चहा पाच घरी प्यायचा असतो, नारळ एकाच घरी घ्यायचा. होकाराच्या रीतीतलीच ही पुढची रीत. घरच्यांनी नारळ दिला म्हणजे आमची मुलगी तुमची. शिक्षकाने घेतला म्हणजे आमची पहिली निवड तीच. तो देवाचा नारळ नव्हे, शब्दाचा नारळ. म्हणून प्रत्येक घरी तो आणून ठेवलेला असतो, आणि म्हणून अंकिताचे घर शेवटी ठेवले होते. हे तिकडे इतके सर्वांना ठाऊक की, मला सांगावे लागेल असे त्याच्या मनातही आले नाही.

दिनकरराव म्हणतात, रमेशने सांगायला हवे होते. शेख सर म्हणाले, चाचांनी विचारायला हवे होते. माझा निवाडा असा: नारळ देणाऱ्याच्या डोळ्यांत पाहिले असते तर विचारण्याचीही गरज नव्हती, आणि मी त्या वेळी स्वतःच्या शब्दावर खूश होऊन उभा होतो.

मी म्हणालो, जीप वळव, मी परत देतो. परगावचा म्हातारा, चुकला, असे सांगतो. सारा दोष माझा. रमेशने मान हलवली. "परत आलेला नारळ गाव विसरत न्हाई, सर. म्हणतील पोरीत काही तरी कमी हाय. मारोतराव दुसऱ्या दिवसापासून तिला मैदानाकडं जाऊ देणार न्हाईत. आन् त्या बाजूची एक पोरगी मला पुढं भेटणार न्हाई."

"मग?"

"मग काय. घेतली तर मैदान जातं, न्हाई घेतली तर पोरगी जाते."

आम्ही हिंगोलीत अंकिताच्या घरी गेलो, कारण ते वाट पाहत होते. चहा आला, पोहे आले. टीपॉयवर ताटलीत नारळ ठेवलेला होता, त्याला कुंकवाचे बोट लावलेले. तिचे वडील हवापाण्याचे बोलत राहिले. रमेश कप खाली ठेवायलाही घाबरत होता, की हात ताटलीकडे गेल्यासारखा दिसेल. निघताना अंकिता दारापर्यंत आली आणि तिने मला विचारले, सर, माझ्या खेळात काय कमी आहे? मी म्हणालो, काही कमी नाही. तिच्या चेहऱ्यावरून कळले की तिला सारे समजले.

## पुन्हा हिंगोली

निवडीच्या सकाळी सुनंदा यांनी पोळ्या लाटता लाटता रमेशला ऐकवले की, घरात कोणी मेल्यासारखे तोंड करून बसू नका. सर चुकले असतील तर चुकले, नसतील तर नाही, तेवढे विचारून घ्या. हिंगोलीत शाळेच्या सभागृहाबाहेर रमेशने मला बाजूला घेतले.

"सर, एकच विचारतो. नारळ सोडून द्या, साखरा सोडून द्या. चाचणीच्या दिवशी, मांडवात बसून, तुमी वहीत पहिलं नाव कोणाचं लिहिलं? ती असंल तर मी शब्द पाळतो, मैदानाचं होईल ते होईल. दुसरी असंल तर नारळ घेऊन तुमी आत्ता साखऱ्याला जा, मी गाडी करून देतो. तुमच्या नजरेवर सोडलं मी."

वही माझ्या पिशवीत होती. त्याने ती मागितली नाही. तीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी माझ्यासमोर उभा होता आणि माझ्या शब्दापलीकडे त्याला काही पाहायचे नव्हते.

"रेणुका," मी म्हणालो.

आत टेबलाशी पाच खुर्च्या, भिंतीवरच्या फळ्यावर सारी नावे. स्पर्धेच्या चिटणिसांनी वसमतला पुकारले. शेख सर मला पाहून डोळा बारीक करत म्हणाले, "चाचा, नारळ मीठा निकला क्या?" म्हणजे बातमी पोहोचली होती. रमेश उठला. फळ्याकडे न पाहता त्याने रेणुकाचे नाव आणि गाव सांगितले आणि खाली बसला. शेख सरांनी इतक्या घाईने अंकिताचे नाव घेतले की चिटणिसांना ते दुसऱ्यांदा विचारावे लागले. मग ते टेबल ओलांडून रमेशजवळ आले. चेष्टा करतील असे वाटले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "खंदारे, मैं होता तो नारळ वापस भेज देता. तकलीफ होगी तुझे. पण तू बराबर किया."

दिनकररावांच्या हकिगतीत हे वाक्य नाही.

## कोल्हापूर

परत येऊन दीड महिना झाला. रेणुका आता वसमतला रमेशच्या घरी राहते. सुनंदा तिला दोन वेळा दूध देतात आणि रोज रागावतात. मी रोज सकाळी फोनवरून सराव सांगतो: किती धावायचे, कोणत्या पायाने किती चेंडू, केव्हा थांबायचे. साखळीतले तीन सामने झाले आहेत. पहिला वसमतने गमावला, दुसराही. अंकिताने हिंगोलीसाठी दोन सामन्यांत चार गोल केले. ती बातमी दिनकररावांनी मला चहाच्या गाडीवर सर्वांदेखत वाचून दाखवली. तिसऱ्या सामन्यात बरोबरी झाली. त्यातला गोल कसा झाला याचेही दोन प्रकार ऐकले: एक रमेशचा, एक सेनगावच्या शिक्षकांचा. मी तिथे नव्हतो, म्हणून मी तिसरा सांगत नाही. शेवटचा सामना येत्या रविवारी, हिंगोलीविरुद्ध. एक गुण मिळाला तर वसमत तळातून निघते. नाही मिळाला तर बाभळींजवळ लग्नाचे मांडव पडतील.

काल रेणुका स्वतः फोनवर आली. एरवी ती सराव ऐकून घेते आणि "व्हय सर" म्हणून ठेवते. काल ठेवला नाही. म्हणाली, "सर, मला सगळ्या दिसतात. कोण मोकळी हाय, कोण येऊन राहिली, सगळं दिसतं. पण पाय पोचत न्हाईत."

मी म्हणालो, पोहोचतील. वर्षभर रोज पळलीस की पोहोचतील.

"रविवारी?" तिने विचारले.

मी तिला झोप नीट घे, पाणी भरपूर पी, असे काहीतरी सांगितले. फोन ठेवल्यावर मी वहीतले ते पान पुन्हा काढले. माझे सारे आयुष्य ज्या मतावर उभे आहे ते मत मी आजही मागे घेत नाही: खेळाडू घडवावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. पण तो वेळ दुसऱ्याच्या मैदानातून उसना घेण्याचा अधिकार मला कोणी दिला होता, याचे उत्तर मला सापडलेले नाही. माझ्या वहीत ती चौथी होती. मळणीपाशी पाहिल्यावर माझ्या मनात ती पहिली झाली, हेही खरे आहे. पण रमेशने मांडवातले विचारले होते, मळणीचे नाही. त्याला मी खोटे उत्तर दिले. ते मुलीच्या भल्यासाठी दिले, रमेशचा शब्द राहावा म्हणून दिले, की माझी नजर अजून शाबूत आहे असे त्याला वाटावे म्हणून दिले, यावर मी रोज स्वतःशी भांडतो, आणि या एका वादात मला कोणाचीच बाजू पुरती पटत नाही.

हा मजकूर छापून येईल तेव्हा रविवार उलटलेला असेल. त्याची एक प्रत मात्र मी आजच्या टपालाने रमेशला पाठवतो आहे, वहीचे ते पान सोबत जोडून, म्हणजे शनिवारपर्यंत त्याच्या हातात पडेल. संघ जिंकल्यावर कबुली दिली तर ती फुशारकी होईल, आणि हरल्यावर दिली तर क्षमेची याचना. निकाल ठाऊक नसताना सांगितलेलेच खरे सांगणे. रमेशला राग आला तर तो त्याने माझ्यावर काढावा. शनिवारी दिवसभर मी फोनजवळ बसणार आहे.

रेणुकाला मात्र हे कळू देऊ नये, असे त्याला पाकिटावरच लिहिले आहे. तिला रविवारी खेळायचे आहे.